पहिल्याच पेशीत

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या दिमतीस लॉ क्लार्क म्हणून रुजू होणाऱ्या उमेदवाराच्या अंगी कोणकोणते गुण असावेत, याची जाहिरात आमच्या भाच्याने मला वाचून दाखविली. वय २१ ते ३० च्या दरम्यान असावे, संगणकाचे ज्ञान असावे, जुने निकाल धुंडाळण्याच्या प्रणाली हाताळता याव्यात, येथपर्यंत मी संथपणे मान डोलावीत होतो. परंतु कायद्याच्या पदवीची अंतिम परीक्षा निदान ५५ टक्के गुण मिळवून आणि तीही पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेला असावा, हे कलम त्याने उच्चारले मात्र, आणि आमच्या समस्त घराण्याच्या वतीने हरकत नोंदविणे मला अगत्याचे वाटले. कायद्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांना या अटीतून सुटका आहे. म्हणजे ज्याला पहिली पदवी पहिल्यांदा साधली नाही त्याने दुसरी मिळवावी, असा हा दिलासा आहे.

आमच्या घराण्यात पहिल्याच प्रयत्नात पार पडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येकाचा जन्म, आणि त्यातही माझ्या वेळी सुईण एकदा परत गेली होती असे आई सांगत असे. मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. या पदास महसूल अर्हता परीक्षा म्हणून एक परीक्षा असते. तिच्याशी माझा जो दीर्घ पत्रव्यवहार चालला त्याचा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही. इतकेच सांगतो की, त्या काळच्या नियमांत ४५ वर्षे पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्यास अशा परीक्षांतून सूट मिळत असे, आणि मी तिला जिंकले नाही तरी अखेरीस ती माझ्या वयाला शरण आली. माझी धाकटी बहीण, म्हणजे या भाच्याची आई, दर्यापूरकडे शेती करते; तेथे पाऊस एकदा हुलकावणी देऊन गेला की बी मातीत जाते आणि दुबार पेरणी करावी लागते. ज्या मुलुखात खुद्द कपाशी दुसऱ्या प्रयत्नात उगवते, तेथल्या पोराकडून न्यायसंस्थेने पहिल्या प्रयत्नाची अपेक्षा धरावी, हे मला भूगोलाशी विसंगत वाटले.

बडनेऱ्यात आयुष्य काढलेल्या माणसाला तर असे वाटणे स्वाभाविकच आहे. १८६७ साली आगगाडी मुंबईहून नागपुरास जाऊन पोहोचली ती कापसाच्या व्यापाराने गजबजलेल्या अमरावतीला एका अंगास टाकून. मग बडनेऱ्याहून तिकडे एक फाटा काढण्यात आला, आणि तेव्हापासून अमरावतीस जाणारे किती तरी थोर लोक प्रथम आमच्या फलाटावर उतरतात, इकडेतिकडे पाहतात आणि ‘अमरावती हीच का?’ असे विचारतात. पहिल्या प्रयत्नात इष्ट स्थळी न पोहोचणाऱ्यांची सोय करणे यावरच आमच्या गावचा चरितार्थ चालतो.

तथापि माझी हरकत केवळ कौटुंबिक नव्हती. तिला कायद्याचे अधिष्ठान होते. मी भाच्याला त्याचीच पुस्तके काढावयास लावली. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता उघडली, तर कलम ९६ अन्वये पहिले अपील आणि कलम १०० अन्वये दुसरे. दोहोंनी समाधान न झाल्यास आदेश ४७ खाली पुनर्विलोकन. यांपैकी कशासाठीही मुदतीत येणे जमले नसल्यास १९६३ च्या मुदत अधिनियमाचे कलम ५, ज्यायोगे पुरेसे कारण दाखविणाऱ्याचा विलंब क्षमा केला जातो. आणि एवढे सर्व आटोपूनही ज्याच्या मनाची खंत जात नाही त्याच्याकरिता सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली रूपा अशोक हुर्रा प्रकरणात क्युरेटिव्ह अर्जाची आणखी एक खिडकी ठेवून दिलेली. मी म्हणालो, “ज्या दरबारात प्रत्येकाला फिरून येण्याची इतकी मुभा, तेथे टेबलाशी बसणाऱ्या पोराने तेवढे सगळे पहिल्याच पेशीत उरकून यावे, हा कोठला न्याय?”

भाचा शांतपणे म्हणाला, “मामा, फिरून फिरून येणारे बाहेर पुष्कळ आहेत. म्हणून तर आत एक तरी माणूस लवकर उरकणारा हवा.”

या मुलाचा हा स्वभाव मला प्रथमपासून खुपत आलेला आहे. अंतिम परीक्षेचा निकाल लागला आणि तो खरोखरच पहिल्या प्रयत्नात, वर सांगितलेल्या टक्क्यांच्या बऱ्याच पलीकडे जाऊन उत्तीर्ण झाला, तेव्हा दूरध्वनीवर त्याच्या आईने आनंदाने रडण्यापूर्वी पहिला प्रश्न केला तो असा : “नीट पाह्यलं ना रे? दुसऱ्या कोणाचा त नंबर नाही?”

वकिलीची हवा आमच्या जिल्ह्याला नवीन नाही. दादासाहेब खापर्डे १८८४ साली कायद्याची पदवी घेऊन सरकारी नोकरीत शिरले, वऱ्हाडात मुन्सफी केली, आणि पुढे ती सोडून अमरावतीस वकिलीला बसले. परंतु १४ मे २०२५ रोजी फ्रेझरपुऱ्यातील नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले आणि अमरावतीतच कायदा पढलेले न्यायमूर्ती भूषण गवई यांनी भारताचे सरन्यायाधीश म्हणून शपथ घेतली, तेव्हापासून जिल्ह्यातील मातापित्यांची दृष्टी पार पालटली. पूर्वी जे कार्टे उलट बोलते म्हणून मार खाई, ते आता युक्तिवाद करते म्हणून त्याला दूध मिळू लागले. आमच्या आळीत तर एका पाच वर्षांच्या मुलाने आंघोळीस स्थगिती मिळविल्याचे मी स्वतः ऐकले आहे.

न्यायमूर्तींच्या पदरी असा तरुण असावा ही कल्पना मुळात अमेरिकेची, असे भाच्याने मला सांगितले. होरेस ग्रे नावाचे एक न्यायमूर्ती १८८२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयात आले ते हार्वर्डचा ताजा पदवीधर बरोबर घेऊन, आणि त्याचा पगार ते स्वतःच्या खिशातून देत. पुढे न्यायमूर्ती होम्स यांनी दरवर्षी एक नवा तरुण ठेवण्याचा परिपाठ पाडला. तो बँकेचा हिशेब जुळवी, गप्पा ऐके, आणि तो अविवाहित असावा असा साहेबांचा दंडक होता. १९२९ मध्ये ॲल्जर हिस नावाच्या पठ्ठ्याने त्या दंडकाची पर्वा न करता नोकरीतच लग्न उरकून घेतले. ही हकिकत सांगितली जात असताना माझी बहीण मुक्कामाला होती, आणि तिने त्यातला नेमका तेवढाच भाग उचलला. “नोकरी एका सालाची, अन् त्यात लगन नाही? मंग मी मोर्शीवाल्यायले काय सांगू?” येथे तशी अट नाही, असे तिला दोघांनी मिळून समजाविले, नेमणूक मात्र एका वर्षाचीच, हे समजाविण्याचे काम दोघांनीही एकमेकांवर सोडले. मोर्शीकडच्या मंडळींना तिने ‘हायकोर्टात आहे’ एवढेच कळविले, आणि दरमहा पाच आकडी ठोक मानधन हे शब्द तिने ज्या रीतीने उच्चारले त्यावरून तो आकडा पहिला आहे की पाचवा हे समजण्यास मार्ग नव्हता.

अर्जासोबत दोन प्रतिष्ठित व्यक्तींचे चारित्र्याचे दाखले असलेले बरे, असा सल्ला कोणीतरी दिला, आणि येथून खऱ्या आपत्तींना प्रारंभ झाला. प्रतिष्ठित व्यक्ती शोधावयास निघाल्यावर गावात तिची किती टंचाई आहे हे ध्यानात येते. जे प्रतिष्ठित होते त्यांना लिहिण्याचा कंटाळा, आणि जे लिहिण्यास उत्सुक होते त्यांच्यावर कोठेना कोठे फिर्याद होती. शेवटी नव्या वस्तीतील एका निवृत्त रेल्वे गार्डसाहेबांनी पहिला दाखला दिला. त्यात, ‘सदर उमेदवारास मी बालपणापासून पाहत असून तो कधीही सिग्नल ओलांडून पुढे गेलेला नाही, विनाकारण मध्येच थांबत नाही, आणि त्याच्याविषयी मागील कोणत्याही स्थानकावरून तक्रार आलेली नाही,’ असे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत नमूद केले होते.

दुसऱ्या दाखल्यासाठी मी आमच्या शेजारच्या पाटलांना गाठले. पाटलांचे वावर भातकुली तालुक्यात आहे, आणि त्या वावराच्या धुऱ्यावरून शेजाऱ्याशी त्यांचे जे दिवाणी भांडण उभे राहिले ते खालच्या न्यायालयातून जिल्हा न्यायालयात आणि तेथून दुसऱ्या अपिलाच्या रूपाने नागपुरास जाऊन पुष्कळ दिवस विसावलेले आहे. भांडण हातभर रुंदीच्या पट्टीचे. त्या पट्टीवर एक बाभूळ होती, तीही दरम्यानच्या काळात दोन्ही पक्षांच्या डोळ्यांदेखत वाळून पडली. परंतु पाटलांच्या संभाषणात ती अद्याप हिरवीगार आहे.

“दाखला देतो ना जी! त्यात काय!” पाटील म्हणाले, “मी त म्हणतो, पोट्टा तिथं लागलाच, त आपल्या फाइलवरची धूळ तेवढी झाडून ठेवन म्हणा.”

मी त्यांना सांगितले की, ही मुले न्यायमूर्तींसाठी कागदपत्रे वाचून त्यांचा गोषवारा काढतात, तारखांचा क्रम लावतात, पूर्वीचे निवाडे शोधून देतात, मसुद्यातील चुका तपासतात. निकाल देणे हे न्यायमूर्तींचे काम. यावर पाटील डोळे मिचकावून हसले. कोणत्याही कचेरीत खरे काम कोण करतो हे मी अव्वल कारकून असून विसरलो, याची त्यांना मौज वाटल्यासारखे दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लाल फडक्यात बांधलेला आपला संपूर्ण बस्ता घेऊन आमच्या ओसरीवर हजर झाले. “घे बाप्पा, यावर हात बसव. परीक्षेची तयारी होऊन जाईल, अन् माही केसही तुले पाठ होईल.”

भाच्याने तो बस्ता एका रात्रीत वाचला. सकाळी त्याने माझ्या हाती अर्ध्या पानाचा एक कागद दिला. त्याचा आशय असा की, जमिनीची मोजणी दोन वेळा झाली आणि दोन्ही वेळा ती पट्टी शेजाऱ्याच्याच गटात निघाली. दोन्ही न्यायालयांचा वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष एकच आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अपिलास कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित व्हावा लागतो, आणि येथे बाभळीखेरीज काहीच उपस्थित होत नाही.

तो अर्ध्या पानाचा उघडावाघडा कागद पाहून माझ्यातील जुना सेवक कळवळून उठला. आयुष्यभर मी ज्या दप्तरात काम केले तेथे कारकुनाने मत देणे हे पानाची पिचकारी भिंतीवर मारण्यापेक्षा असभ्य मानले जाई. टिपणी अशी असावी की ती वाचून साहेबाला दोन्ही बाजू बरोबर वाटाव्यात, आणि पुढे काही विपरीत घडल्यास लिहिणारा कोठेच सापडू नये. मी चष्मा लावून बसलो आणि दुपारपर्यंत त्या अर्ध्या पानाला महसुली वळण दिले. ‘असे दिसून येते की’ या शब्दांनी प्रारंभ केला. ‘तथापि’, ‘परंतु असेही निदर्शनास येते’, ‘या संदर्भात पूर्वपीठिका विचारात घेता’ यांची यथास्थित पखरण केली. मोजणीचा उल्लेख परिशिष्टात ढकलला. आणि शेवटी ‘तरी प्रकरणी उचित आदेश व्हावेत, सविनय सादर’ म्हणून सुस्कारा सोडला. टिपणी चांगली जाडजूड झाली होती, आणि तीत कोण जिंकले हे मला स्वतःला शोधूनही सापडले नाही.

पाटलांना ती वाचून दाखविली तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. “हे बराबर लिवलं! आमच्या वकिलानंही असं नाही लिवलं आजलोक.” दाखल्यावर सही करण्यासाठी त्यांनी खिशातून लेखणी काढली, कागद गुडघ्यावर घेतला, आणि माझ्या टिपणीच्या पोटातून भाच्याचा तो अर्धा कागद अलगद त्यांच्या पुढ्यात पडला.

पाटलांनी तो सावकाश वाचला. मग विचारले, “म्हणजे मी हारलो?”

“अजून नाही, काका,” भाचा प्रामाणिकपणे म्हणाला.

त्या ‘अजून’ने घात केला. लेखणी खिशात गेली, बस्ता काखेत गेला, आणि पाटलांच्या घराकडून येणारी ताकाची चरवी त्या दिवसापासून बंद झाली. दुसरा दाखला अखेर एका वृद्ध मुख्याध्यापकांनी दिला. त्यांनी भाच्याला त्याच्या थोरल्या चुलतभावाच्या नावाने ओळखले, परंतु सही स्वतःचीच केली.

दरम्यान निकाल शोधण्याच्या प्रणालींचा अभ्यासही चालला होता. त्या यंत्रात एक शब्द टाकला की प्रिव्ही कौन्सिलपासून कालपरवापर्यंतचे निवाडे भराभर पुढ्यात येतात. मी कौतुकाने भाच्याला ‘मामा’ हा शब्द शोधावयास सांगितले. जे बाहेर आले ते पाहून मी पुन्हा तसा आग्रह धरला नाही. कायद्याच्या विश्वात मामा हा इसम एक तर मृत्युपत्राचा संशयास्पद साक्षीदार असतो, नाही तर भाच्याच्या हिश्शाचा उपभोग घेणारा प्रतिवादी.

मुलाखतीचे बोलावणे आले तेव्हा मी बरोबर गेलो. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील ती घुमटाची भव्य दगडी वास्तू १९४० मध्ये उभी राहिली. न्यायालय त्याहून थोडे जुने, १९३६ चे. तेव्हा ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे स्वतंत्र उच्च न्यायालय होते. आता मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, आणि विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतली भांडणे तेथे येऊन टेकतात. भाचा आत गेला आणि मी बाहेर झाडाखाली बसलो. शेजारी वाशीम, यवतमाळ, बुलढाण्याकडची पक्षकार मंडळी डबे सोडून बसली होती. कोणीतरी विचारले, “तुमची पेशी कोणत्या कोर्टात जी?” माझी पेशी नाही, भाचा न्यायमूर्तींकडे कामाला लागायचा आहे, एवढे वाक्य माझ्या तोंडून निसटले, आणि पाहता पाहता माझ्याभोवती कडे पडले. एकाने भाकरी पुढे केली, दुसऱ्याने खर्ऱ्याची पुडी. एका वृद्धाने तर सातबाऱ्याची नक्कल काढून ‘फक्त नजरेखालून घाला’ अशी विनंती केली. संपूर्ण नोकरीत मला इतक्या अदबीने कोणी वागविले नव्हते. मी नक्कल हाती घेतली, फेरफाराचा क्रमांक पाहिला, ‘हं’ म्हणालो, आणि त्या ‘हं’चा अर्थ लावण्यात मंडळी मग्न झाली.

तेवढ्यात भाचा बाहेर आला. “मामा, हे कोण?”

“आपलेच पक्षकार आहेत,” मी म्हणालो.

“मामा, मी तिथे लागलो तर माझे कोणीच पक्षकार नसतील,” तो हलकेच म्हणाला. कडे मात्र विसर्जित झाले नाही. उलट, पोरगा अगदी मुरलेला आहे, असा अभिप्राय वाशीमकराने दिला.

आत काय झाले हे त्याने परतीच्या गाडीत वर्ध्यापर्यंत सांगितले नाही. त्यापुढे एवढेच सांगितले की, एक लांबलचक निकाल देऊन त्याचा एका पानात सारांश काढावयास लावला होता, आणि मग विचारले होते, ‘हा निकाल चुकला आहे असे माझे मत असेल तर तुम्ही काय कराल?’ याने उत्तर दिले, ‘तुमच्याआधी तसे कोणी म्हटले होते काय ते शोधून आणीन, आणि कोणीच म्हटले नसेल तर तेही सांगेन.’ माझ्याकडे हा प्रश्न आला असता तर मी ‘योग्य त्या आदेशार्थ सादर’ म्हटले असते, आणि कदाचित त्या घुमटाखालून सरळ वर्ध्याला चालत निघालो असतो.

त्याची निवड झाली. गावात पेढे वाटले गेले. पण खरा घोटाळा पुढेच झाला. या कामात गुप्तता राखावी लागते, आणि त्या वर्षात वकिलीही करता येत नाही. रविवारी तो घरी आला की लोक ओसरीवर जमत आणि तो पावसावर बोले. कोणी एखाद्या गाजलेल्या खटल्याचे नाव काढले की तो संत्र्याच्या भावाकडे वळे. थोड्याच दिवसांत आळीत दोन पक्ष पडले : एकाच्या मते तो कामावर लागलेलाच नाही, दुसऱ्याच्या मते त्याला गर्व झाला आहे. त्याची आई मधोमध होती; तिच्या मते तो लागलेला आहे, पण त्याला तेथे काही काम देत नसावेत.

पाटलांनी मात्र या मौनाचा तिसराच अर्थ लावला. भाच्याने रुजू होताच आपल्या वरिष्ठांना कळविले होते की, अमुक अपिलाचे कागद मी पूर्वी वाचले असून पक्षकार आमचे शेजारी आहेत, तरी ते प्रकरण आपल्याकडे आल्यास मला त्यापासून दूर ठेवावे. ही गोष्ट त्याने पाटलांच्याही कानावर घातली. पाटील चकित झाले. “ज्यानं वाचली त्यानंच दूर राहाचं? बाप्पा!” मग घरी जाऊन त्यांनी पुष्कळ विचार केला असावा, कारण, जो मनुष्य प्रकरण हातचे जाऊ देतो तो निकाल ठरल्याशिवाय जाऊ देणार नाही, असे त्यांनी ठरविले आणि ताकाची चरवी पुन्हा सुरू झाली.

गेल्या आठवड्यात ते स्वतः आले. हाती घडी घातलेला एक कागद होता. तो चारित्र्याचा दाखला होता, भाच्याचा, सुवाच्य अक्षरांत, अर्ज करण्याच्या मुदतीच्या आतली तारीख घातलेला. सोबत दुसऱ्या कागदावर, अपरिहार्य कारणामुळे सदर दाखला सादर करण्यास झालेला विलंब क्षमापित करण्यात यावा, अशी कलम ५ च्या थाटाची विनंती होती. त्यांच्या वकिलांकडून इतक्या वर्षांत त्यांना कायद्याचे तेवढे कलम चांगले अवगत झाले होते.

मी दोन्ही कागद घेतले. निवृत्तीनंतरही घरी मी एक आवक नोंदवही ठेवतो. दुधाची पावती, लग्नपत्रिका, विजेचे देयक, सर्व काही तीत क्रमांकाने येते. दाखल्यास क्रमांक टाकला, कोपऱ्यात तारखेचा शेरा मारला, आणि विलंबाच्या अर्जावर दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्याखेरीज आदेश करता येत नाही, असे मी पाटलांना सांगितले.

“दुसरी बाजू कोण?” त्यांनी विचारले.

“भाचा. तो रविवारी येतो.”

“मंग रविवारची पेशी द्या,” पाटील म्हणाले. आणि मी रविवार लिहिण्यापूर्वीच, त्या दिवशी त्यांना साक्षगंधास जावयाचे असल्याने पुढील रविवारही मोकळा ठेवावा, अशी तोंडी विनंती करून ते समाधानाने पायऱ्या उतरले.